‘पुरो’ म्हटल्यानंतरचा ठोसा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

फोंडा तालुक्यातल्या एका गावातून एकवीस वर्षांच्या मुलाने लिहिलं आहे. वाड्यावरची सहा-सात मुलं शनिवारी संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर जमून बॉक्सिंग खेळतात. ग्लोव्हजची जोडी एकच, म्हणून दोघांनी एकेक घालायचा. ग्लोव्हजच्या हाताने मारायचं, उघड्या हाताने फक्त अडवायचं, हा त्यांचा त्यांनीच ठरवलेला नियम. तीन आठवड्यांपूर्वी याची जोडी लागली ती लहानपणापासूनच्या मित्राशी. मित्र एकोणीस वर्षांचा. खेळ सुरू होण्याआधी मित्र मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, ‘मार मरे, भियेता कित्याक?’ म्हणजे मार रे, घाबरतोस कशाला? सगळे हसले. पाचेक मिनिटांनी मित्राचा जबडा मोडला. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, शस्त्रक्रिया झाली, दात तारांनी बांधले आहेत आणि तो नळीने पेज पितो, असं त्याच्या बहिणीकडून कळलं. मित्राच्या वडिलांनी पोलिसांत तक्रार दिली आहे.

पत्रलेखकाचे मामा बोटीवर नोकरीला आहेत. यालाही बोटीवर जायचं आहे, मुलाखत झाली आहे, आणि आता पोलिसांच्या दाखल्यावर सगळं अडेल अशी घरात धास्ती आहे. मामांचं म्हणणं: ‘त्याने स्वतः मार म्हटलंय, व्हिडिओ आहे, केस उभीच राहत नाही. तेवढा भाग ठेव, पुढचा काढून टाक.’ मोबाईलवर शोधलं तर नेमकं उलटं वाचायला मिळालं, की मारामारीत संमतीला काही अर्थच नसतो. त्याचे प्रश्न तीन. मित्राने ‘मार’ म्हटलं होतं म्हणून मी सुटतो का? व्हिडिओचं काय करू? आणि त्याला भेटायला जाऊ की नको?

---

तुला ‘तू’च म्हणते, राग मानू नकोस. माझा धाकटा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. वकिलीतली माझी बरीच वर्षं मारामारीच्याच प्रकरणांत गेली. बांधावरून झालेल्या, वाटेवरून झालेल्या, जत्रेतल्या मानापानावरून झालेल्या. दोघं जिवलग मित्र आणि मारण्याचं आमंत्रण हसत दिलेलं, असं प्रकरण क्वचित यायचं. पण आलं की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: त्यानेच मार म्हटलं होतं, बाई.

तुझं पत्र चार पानांचं आहे. बोटीच्या मुलाखतीला त्यातलं एक पान गेलंय, मामांच्या म्हणण्याला एक. दुसऱ्या पानाच्या तळाशी, रुग्णवाहिका यायच्या आधी, एक ओळ आहे. ती तुझ्याच शब्दांत इथे देते: ‘शेवटी त्याने हात वर केला आणि पुरो म्हटलं असं वाटतं, पण सगळे ओरडत होते आणि माझा डावा लागला.’ पुढच्या ओळीत तू रुग्णवाहिकेवर गेलास. मला पुढे जाता आलं नाही. तू तीन प्रश्न विचारलेस, पण या ओळीबद्दल एकही नाही. माझ्या मते तुझं सगळं प्रकरण या एका ओळीत आहे. कायद्याच्या दृष्टीनेही, आणि तुला झोप येत नाही म्हणून जे लिहिलंयस त्या दृष्टीनेही.

आधी दोन्ही बाजूंनी तुला जे सांगितलं गेलं ते तपासू.

मोबाईलवर तू वाचलंस ते बहुधा इंग्लंडचं असणार. तिथे १८८२ साली पैसे लावून उघड्या मुठींनी खेळलेल्या एका लढतीचा खटला गाजला. अशा लढतीत दोघांनी एकमेकांना दिलेली संमती कामाला येत नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. पुढे १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की प्रौढ माणसांनी खासगीत, राजीखुशीने केलेलं असलं, तरी प्रत्यक्ष शारीरिक इजा झाली की संमतीचा बचाव चालणार नाही. खेळ, शस्त्रक्रिया, गोंदण असे काही मान्य अपवाद तेवढे सोडून. २०१८ मध्ये तर ग्राहकांच्या संमतीने त्यांचे कान कापणाऱ्या आणि जीभ दुभंगून देणाऱ्या एका व्यावसायिकालाही या अपवादांत बसू दिलं नाही. हे निकाल वाचून तू घाबरलास यात नवल नाही. पण तो कायदा त्यांचा. आपल्या कायद्याने रेघ वेगळ्या जागी मारली आहे.

गोव्यात राहताना एक गोंधळ नेहमी होतो. लग्न, वारसा, घरातल्या वाटण्या यांना आपल्याकडे अजून १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते, म्हणून ‘गोव्याचा कायदा वेगळा’ हे वाक्य आपल्या तोंडात बसलंय. फौजदारी कायदा मात्र सगळ्या देशाचा तोच आपला. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहिता. तिचं कलम २५ म्हणजे जुन्या १८६०च्या दंड संहितेचं कलम ८७, जवळपास शब्दाला शब्द. ते म्हणतं असं: जे कृत्य मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याच्या हेतूने केलेलं नाही, आणि त्यातून तसं होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला माहीतही नाही, अशा कृत्याने अठरा वर्षांवरच्या माणसाला इजा झाली, तर त्या माणसाने ती इजा सोसायला किंवा तिचा धोका पत्करायला संमती दिलेली असल्यास तो गुन्हा नाही. संमती बोलून दिलेली असो वा वागण्यातून दिसलेली असो.

म्हणजे तुझे मामा अगदीच हवेत बोलत नाहीत. आपल्याकडे खेळातल्या ‘हो’ला वजन आहे, आणि ते इंग्लंडपेक्षा जास्त आहे. त्यांची चूक पुढे होते. त्यांना वाटतं, एकदा मार म्हटलं की पुढचं सगळं त्यात आलं.

या कलमाखाली एक उदाहरण दिलेलं आहे, मला ते फार आवडतं. दोन माणसं मौजेसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवतात. लबाडी न करता खेळताना जी काही इजा होईल ती सोसायला दोघांची संमती आहे, असा या ठरवण्याचा अर्थ होतो. एकाने सरळ खेळताना दुसऱ्याला जखम केली तर गुन्हा नाही. ‘लबाडी न करता’ आणि ‘सरळ खेळताना’ या दोन शब्दांवर सगळं उभं आहे. तुमचा खेळ काय होता? ग्लोव्हज घातलेल्या हाताने मारायचं, उघड्याने अडवायचं. तुझ्या उजव्या हातात ग्लोव्हज होता. आणि तू लिहितोस, ‘माझा डावा लागला.’

तू हे मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. अंगात आलेलं असताना डावा-उजवा राहत नाही, हे मलाही कळतं. इंग्लंडच्याच २००४ च्या एका निकालात, हौशी फुटबॉलमध्ये अडवताना घातलेल्या पायामुळे गंभीर इजा झाली होती. तिथल्या न्यायालयाने खेळाडूची शिक्षा रद्द करताना म्हटलं की नियम मोडला म्हणजे लगेच गुन्हा झाला असं नाही. खेळाच्या भरात झालं का, चेंडूपाशी झालं का, चूक किती टोकाची होती, हे सगळं पाहावं लागतं. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण विचार पटण्यासारखा आहे. डावा हात लागला एवढ्यानेच तू गुन्हेगार होत नाहीस. मात्र त्याच्या ‘मार’मध्ये उघडी मूठ नव्हती, हेही तितकंच खरं. त्याने ‘हो’ म्हटलं ते एका हाताला.

आणि मग तो ‘पुरो’.

दर वर्षी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकालो होतो. मी लहानपणी काकांच्या खांद्यावरून तो पाहायची. तेल चोपडलेली अंगं, गुडघाभर लाल चिखल, एकाने दुसऱ्याला धरून आडवं पाडायचं आणि सगळ्यांनी वर पडायचं. तिथे उतरणारा प्रत्येक जण चिखल खायला, खरचटायला तयार होऊनच उतरतो. कुणी कुणाला विचारत बसत नाही. पण एक वर्ष नऊ-दहा वर्षांच्या एका पोराच्या डोळ्यांत चिखल गेला आणि त्याने दोन्ही हात वर केले. ओरडलाही नाही, नुसते हात. वरचे दोघं त्याच क्षणी बाजूला झाले. एका म्हाताऱ्याने त्याला काखेत धरून उचललं, कडेला नेलं, तांब्याभर पाण्याने डोळे धुतले. दहा मिनिटांत पोर पुन्हा चिखलात. काका म्हणाले, बघ, हात वर गेला की खेळ थांबतो, म्हणून तर आयांना घरी बसून काळजी नसते.

संमती अशी असते. ती खेळ सुरू होताना एकदा देऊन टाकली असं होत नाही, खेळ चालू असेपर्यंत ती दर क्षणी चालू असावी लागते. कॅमेऱ्यासमोरचं ‘मार मरे’ संध्याकाळी साडेपाचला खरं होतं. पाच पस्तीसला ते खरं राहिलं होतं का, हा प्रश्न आहे, आणि व्हिडिओचा पहिला भाग त्याचं उत्तर देऊ शकत नाही.

आता शांत बसून स्वतःला विचार. मला नको सांगूस, मामांनाही नको. त्या शेवटच्या क्षणी तीनपैकी एक काहीतरी झालं असणार. एक, तुला ऐकूच आलं नाही. बाकीचे सगळे ओरडत होते, त्याचा हात वर गेला तो तुला अडवायला गेल्यासारखा वाटला. दोन, ऐकू आलं, पण तोवर मूठ सुटली होती. तीन, ऐकलं, पाहिलं, आणि तरी मारलं. कारण तो आधी हसला होता, किंवा बाकीचे हसत होते, किंवा त्याने मघाशी तुला एक जोरात दिला होता.

बाहेरून पाहणाऱ्याला हे तिन्ही एकच दिसतं. कायद्याला ते एक दिसत नाही. पहिल्या दोन्हींत, खेळ अजून चालू आहे असं तू प्रामाणिकपणे धरून चालला होतास असं म्हणायला जागा आहे. अर्थात पुरेशी काळजी घेतलीस का, हे विचारलं जाईलच, आणि डाव्या हाताचा मुद्दा तिथे तुला जड जाईल. तिसऱ्यात कलम २५ तुझ्या बाजूला उभं राहत नाही. ‘पुरो’नंतरचा ठोसा खेळातला राहिलाच नाही, तो नुसता ठोसा झाला. तिन्हींपैकी कुठलं, हे सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे. म्हणून तुला झोप येत नाही, असं मला वाटतं.

जबडा मोडला म्हणून थेट सात वर्षं, असंही घरात कुणी म्हटलं असेल तर ते अर्धवट आहे. हाड मोडणं किंवा दात पडणं ही कलम ११६ प्रमाणे जबर दुखापतच. पंधरा दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजची कामं करता न येणं हेही त्यातच येतं. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. पण जबर दुखापतीचा गुन्हा, म्हणजे कलम ११७, लागायला नुसतं हाड मोडून भागत नाही. मारणाऱ्याचा तसा हेतू होता किंवा तसं होईल याची त्याला जाण होती, हे दाखवावं लागतं. साधी इजा करायची होती आणि घडलं मोठं, तर गोष्ट कलम ११५ वर येऊ शकते. तिथे शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ११७ खाली सात वर्षांपर्यंत आणि दंडही. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घातली, त्याचं कलम १२५ वेगळं आहे. ११५ आणि ११७ची ही दोन्ही साधी रूपं जामीनपात्र आहेत, तेव्हा पोलिसांनी बोलावलं म्हणजे आत टाकलं, ही भीती आधी मनातून काढ. पोलिसांनी कोणतं कलम लावलंय ते वकिलाकरवी नीट समजून घे. गावातल्या तर्कांवर विसंबू नकोस.

या सदराला अशाच आशयाची पत्रं अधूनमधून येतात, म्हणून इथे थोडं थांबते. तुझ्या मित्राचं वय एकोणीस आहे. तो सतरा वर्षं अकरा महिन्यांचा असता तर कलम २५ची चर्चाच करावी लागली नसती, कारण निव्वळ हौसेच्या, खेळाच्या इजेला अठराच्या आतल्या मुलाची संमती या कलमात चालत नाही. किनाऱ्यावर सोळा वर्षांच्या पोरीच्या मनगटावर सुई चालवणाऱ्या गोंदणवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. ती स्वतः हट्ट करून आली होती, हे उत्तर नव्हे. डॉक्टरी इलाजाची गोष्ट निराळी. तो माणसाच्या भल्यासाठी, सद्भावनेने केलेला असतो आणि त्याला वेगळी कलमं आहेत. दुसरं, हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत पत्रं येतात ती बहुतेक ‘पिऊन झाली होती दोघांची’ अशी. नशेत आपण कशाला हो म्हणतोय हेच ज्याला कळत नव्हतं, त्याचं ‘हो’ कलम २८ संमती मानत नाही. भीतीपोटी दिलेलं ‘हो’ही नाही, समोरच्याला ती भीती माहीत असेल किंवा कळायला हवी होती तर. कॉलेजच्या वसतिगृहात ‘नव्या मुलाने स्वतःहून उठाबशा काढल्या, स्वतःहून चपराक खाल्ली’ असं सांगणारी एक आई मला आठवते. ‘स्वतःहून’ हा शब्द त्या माउलीने इतक्या वेळा म्हटला, की शेवटी तीच रडायला लागली.

तुझ्या मैदानाकडे परत येते. ओरडणाऱ्या मुलांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. नुसतं बघत उभं राहणं आणि ‘आनीक एक, आनीक एक’ म्हणून चिथावणं यांत फरक आहे. चिथावणीला आपल्या कायद्यात नाव आहे: अपप्रेरणा. तुझा भार त्यांच्यावर टाकायला मी हे सांगत नाही. पुढच्या शनिवारी तिथे कुणी जमणार असेल, तर त्यांना हे माहीत असलेलं बरं. आणि खेळायचंच असेल तर दोन जोड्या ग्लोव्हज, दातांचं कवच, बाहेर उभा राहून खेळ थांबवणारा एक माणूस, आणि तो थांबवण्याचा एक शब्द ठरलेला. हे नसेल तर खेळू नये. हे लिहिताना मला राग येतोय, आणि तो तुझ्यावर नाही. गावोगावी मुलांना खेळायची हौस आहे आणि शेजारी उभं राहायला एकही मोठं माणूस नाही, याचा राग आहे.

व्हिडिओ. यात तोलूनमापून सांगण्यासारखं काही नाही: पुसू नकोस. अर्धाही नाही, एक सेकंदही नाही. पुरावा म्हणून पुढे लागू शकणारी फीत कुणाच्या हाती लागू नये म्हणून नष्ट करणं हा न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, कलम २४१. आज तुझ्यावर खेळात झालेल्या इजेचा प्रश्न आहे. त्याला तू उद्या लपवाछपवीचा गुन्हा जोडशील, आणि त्याला ना खेळ कारण असेल ना आवेग. शिवाय ती फीत तुमच्या गटावर गेलेली आहे, सहा मोबाईलांत आहे. अर्धा भाग फक्त तुझ्याकडून गायब झालेला दिसला, की तुझ्या बाजूने जे काही खरं असेल तेही कुणी ऐकणार नाही. कदाचित त्याच फितीत दिसेल की ‘पुरो’ आणि ठोसा यांत अर्धा श्वासही नव्हता. मामांना म्हणावं, तुम्ही जे काढायला सांगताय तेच कदाचित मला वाचवेल. मोबाईल जसा आहे तसा ठेव आणि वकिलाला दाखव.

वकील आधी, पोलिसांपुढचा जबाब नंतर. फीचा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० या क्रमांकावर फोन कर. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असशील तर वकील मोफत मिळतो. स्वतःविरुद्ध बोलायला तुला कुणी भाग पाडू शकत नाही, तो हक्क घटनेच्या कलम २० ने दिलाय. पण गप्प बसण्याचा हक्क आणि खोटं बोलण्याची मुभा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘पुरो’ ऐकूच आलं नाही, हे खरं असेल तरच म्हण.

बोटीबद्दल खोटा दिलासा देत नाही. प्रकरण चालू असताना पोलिसांचा दाखला अडू शकतो, ही बोट कदाचित चुकेल. तुझ्या वयात ते आयुष्य संपल्यासारखं वाटतं हे मला माहीत आहे, आणि मामांचा सगळा सल्ला त्याच धसक्यातून आलाय हेही दिसतं. त्यांना वाईट समजू नकोस. भाच्याची नोकरी वाचवायला धडपडणारा माणूस आहे तो. पण त्यांना नोकरी दिसतेय आणि मैदान दिसत नाही. ते तिथे नव्हते.

मिटवण्याची वाट कायद्यातही आहे. साध्या दुखापतीचा गुन्हा, ज्याला इजा झाली त्याच्या इच्छेने मिटू शकतो. जबर दुखापतीच्या गुन्ह्यात त्याला न्यायालयाची परवानगीही लागते. दोन्हीकडे तो अधिकार तुझ्या मित्राचा आहे. तो सज्ञान आहे, त्याच्या वडिलांनी मागे घेतो म्हटल्याने किंवा तुझ्या मामांनी पंचांना मध्ये घालून काही मिटत नाही. आणि खाटेवर पडलेल्या माणसाकडे मिटवण्याचा कागद घेऊन कुणी जाऊ नये. दवाखान्याचा खर्च उचलायचा असेल, आणि उचलावा असं माझं मत आहे, तर तो वकिलाला सांगून, पोचपावतीसह, ‘तक्रार मागे घ्या’ हा शब्द न काढता उचला. ते पैसे खर्चाचे असू देत, त्याच्या होकाराचे नकोत. एक ‘हो’ आधीच महागात पडलंय, दुसरं विकत घेऊ नका.

तर, भेटायला जायचं का? कोणताही वकील तुला सांगेल, जपून जा. पोलिसांसमोर दिलेली कबुली तुझ्याविरुद्ध वापरता येत नाही, पण मित्रासमोर, त्याच्या बहिणीसमोर बोललेलं उद्या साक्षीत येऊ शकतं. व्हॉट्सॲपवर लिहिलेली माफी तर लेखीच. हा धोका खरा आहे, मी तो लहान करून सांगणार नाही. तरीही जा, असं मी म्हणेन. वकिलाला सांगून जा. त्याच्या वडिलांना आधी निरोप दे, त्यांनी नको म्हटलं तर दारातून परत फिर आणि आठवड्याने पुन्हा विचार. मामांना नेऊ नकोस, आईला ने. तिथे घटनेची उजळणी करू नकोस, कोण काय म्हणालं, कोणता हात, काही नाही. ‘तुला लागलं, मला वाईट वाटतंय’ एवढं म्हणायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. तू गेला नाहीस तर तीन आठवड्यांचे तीन महिने होतील. एकाच वाड्यावर राहता तुम्ही, एकाच विहिरीवरून पोरपणी उड्या मारल्यात असं तूच लिहिलंयस.

जाताना खायला काही नेऊ नकोस, त्याला चावता येत नाही. आईला सांग, मुगाचं कढण पातळ गाळून, मीठ बेताचं, तिखट अजिबात नको, थर्मासात भरून दे म्हणावं. आणि एक साधी वही आणि पेन घेऊन जा. दात बांधलेत, त्याला धड बोलता येत नसेल. त्याला काही म्हणायचं असेल तर तो लिहील. कदाचित शिवी लिहील, कदाचित बहिणीचा निरोप, कदाचित काहीच नाही आणि वही परत देईल. जे लिहील ते वाच. त्याचा फोटो काढू नकोस, मामांना दाखवायला पान फाडून आणू नकोस. वही तिथेच त्याच्या उशाशी ठेवून ये.